बिनपाण्याची हजामत

भर बैठकीत एखाद्याला कोणी झापले, की आपण म्हणतो, ‘त्याची बिनपाण्याने हजामत झाली.’ दुकानदाराने अवाच्या सवा पैसे उकळले तरी तेच म्हणतो. तोंडात बसलेला वाक्प्रचार, त्यामुळे अर्थाकडे लक्ष जात नाही. पण जरा थांबून पाहावे. हा वाक्प्रचार ज्या कोणी पहिल्यांदा वापरला, त्याला छळाचे चित्र उभे करायचे होते. त्यासाठी तो बोथट वस्तरा म्हणू शकला असता, थरथरत्या हाताचा न्हावी म्हणू शकला असता. त्याने वस्तरा आणि न्हावी जागच्या जागी ठेवले आणि फक्त पाणी काढून घेतले. तेवढ्यानेच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला! हजामतीतले सगळे सुख पाण्यात आहे, ही गोष्ट आपल्या भाषेला इतकी पक्की ठाऊक होती.

आज घरात नळ आहे, गिझर आहे, बाजारात पाच-पाच पात्यांचे रेझर आहेत. आणि तरीही आपल्यातले कितीतरी पुरुष रोज सकाळी स्वतःची बिनपाण्याची हजामत करून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. चेहऱ्यावर पाण्याचे दोन हबके मारायचे, डब्यातला फेस फासायचा आणि अर्ध्या मिनिटात रेझर चालवायला घ्यायचा. मग हनुवटीखाली रक्ताचे ठिपके, गळ्यावर लाल पुरळ, आणि वर तक्रार, ‘काय करणार, माझी दाढीच राठ आहे हो!’ या तक्रारीला बाजार एकच उत्तर देतो, आणखी एक पाते. माझे उत्तर वेगळे आहे. राठ दाढीला पाणी हवे असते, आणि ते मुरायला थोडा वेळ हवा असतो. पाते गालाला लागण्यापूर्वीच दाढी सुखाची होणार की त्रासाची, हे ठरून गेलेले असते.

विषय क्षुल्लक वाटेल. सांस्कृतिक लेखनात हा दाढीचा साबण कुठून आला, असेही कोणी विचारील. पण पुरुषाच्या आयुष्यात जवळजवळ रोज घडणारी ही कृती आहे, तिला हजारो वर्षांची परंपरा आहे, तिच्यावर एक अख्खा समाज पिढ्यान् पिढ्या जगला आहे, आणि ती शिकायची असते ती दुसऱ्याचा हात बघूनच. अशा गोष्टीला संस्कृती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? शिवाय माझी स्वतःची दाढी विशीपासून काथ्यासारखी आहे. तेव्हा हा विषय मला परका नाही.

प्रथम केसाचे बघू. केस बनलेला असतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. केस कोरडा असताना या प्रथिनाचे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी आत शिरले की त्यांच्यातले काही बंध सुटतात, केस फुगतो आणि मऊ होतो. पुरता भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरतो आणि त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. असा केस कापायला कोरड्या केसापेक्षा खूपच कमी जोर लागतो. जोर कमी म्हणजे ओढ कमी, आणि ओढ कमी म्हणजे कातडीला जाच कमी. सगळे गणित एवढेच आहे. मात्र पाणी केसात शिरायला वेळ लागतो. कोमट पाण्यात दोन ते तीन मिनिटे पुरतात, गार पाण्यात त्याहून जास्त. स्वयंपाकघरात हे कोणाला शिकवावे लागत नाही. अळसांदे रात्री भिजत घातल्याशिवाय सकाळी कोणी चुलीवर चढवीत नाही. शेतकरीसुद्धा पहिला पाऊस मुरल्याशिवाय नांगर बाहेर काढीत नाही. मग स्वतःच्या गालावरच आपण कोरड्या जमिनीत नांगर का घालतो?

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्या कातडीतून एक तेलकट स्राव सतत पाझरत असतो आणि दाढीच्या केसांवर त्याचा पातळ थर बसतो. रात्रभरात तो वाढतो. त्या थरावर नुसते पाणी मारले तर ते अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळून जाते. आपल्याला वाटते दाढी भिजली. भिजलेली असते ती वरवर. म्हणून दाढीचा साबण लावण्याआधी एकदा साध्या साबणाने चेहरा धुणे, हे राठ दाढीच्या माणसाला टाळता येत नाही. आपल्याकडे दाढीआधी खोबरेल चोळण्याचीही एक पद्धत काही घरांत होती. खोबरेल केसात शिरते हे खरे, पण ते शिरले की केस पाण्याने तेवढा फुगत नाही. म्हणून तेलाची जागा दाढीनंतर, आधी नव्हे.

तिसरी गोष्ट फेसाची. फेस हा दाढीचा शृंगार आहे असा आपला समज झाला आहे, तो जाहिरातींमुळे. गालावर पांढराशुभ्र ढग आणि त्यातून रेझरचा रस्ता! प्रत्यक्षात फेसाचे काम राखणीचे आहे. भिजवलेले पाणी दोन-चार मिनिटे केसांभोवती धरून ठेवायचे, ते वाऱ्याने सुकू द्यायचे नाही, आणि पात्याला घसरायला वाट करून द्यायची. ब्रशने घोळून केलेल्या फेसात पाणी भरपूर असते, कारण आपण ते थेंबाथेंबाने त्यात घालत असतो. डब्यातून दाबून काढलेल्या फेसात वायूचा भाग मोठा. तो दिसतो भरघोस, पण त्याच्याजवळ द्यायला पाणी थोडे असते. आंघोळीच्या साबणाचा फेसही टिकत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असते आणि तो बनवताना पोटॅशचा क्षारही वापरतात, म्हणून त्याचा फेस दाट आणि टिकाऊ होतो. जुनी माणसे वाटीतला साबण घोळत बसायची, तो वेळ वाया जात नव्हता. त्या वेळात दाढी भिजत होती.

हे शहाणपण काही आजकालचे नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात चौलाचा, म्हणजे मुलाच्या पहिल्या केशकर्तनाचा विधी सांगितला आहे. तिथे वस्तऱ्याच्या आधी पाणी येते. गार आणि ऊन पाणी एकत्र करायचे, ते पाणी आणि ताजे लोणी किंवा दह्याचे थेंब घेऊन मुलाचे डोके तीन वेळा ओले करायचे, आणि नंतर न्हाव्याला सांगायचे, की कोमट पाण्याने पाण्याचे जे काम आहे ते कर आणि इजा होऊ न देता नीट कर. सोळाव्या वर्षी गोदान नावाचा संस्कार. त्यात हाच विधी, फक्त मंत्रांत केसांच्या जागी ‘श्मश्रू’ म्हणजे दाढी हा शब्द घालायचा, आणि तिथे दाढीचे केस भिजवायचे. विचार करा, मुलगा दाढी करण्याच्या वयाचा झाला याचा एक संस्कार होता, आणि त्या संस्कारात भिजवणे हे सांगून ठेवलेले होते! कर्मकांडावर माझा फारसा विश्वास नाही. पण ज्यांनी ते लिहिले त्यांनी न्हाव्याचे काम जवळून पाहिले होते, हे मान्य करावेच लागते.

तिथून वारकऱ्यांकडे या. संत सेना महाराजांनी आपल्या न्हावीपणाचाच अभंग केला. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, नखे काढणेही आहे, आणि प्रत्येक वस्तूच्या मागे एक अर्थ उभा केला आहे. त्या अभंगात डोक्यावर घोळायचे पाणी म्हणजे शांती. मला ही निवड फार अचूक वाटते. धंदा करणाऱ्या माणसाचा अनुभव तिच्यात आहे. डोके असो की दाढी, पाणी घोळताना घाई चालत नाही. ज्याने हजारो डोकी भिजवली, त्यालाच पाण्यात शांती दिसू शकते. आपण देवळात भजनाला बसून हा अभंग ऐकतो, माना डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या गालावर रेझर ओढतो!

आमच्या अंत्रुज महालातल्या गावात म्हालो यायचा तो वार बघून. एकादशी, अमावास्या टाळून. बगलेत धोकटी, धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, एक जुना ब्रश, तुरटीचा खडा आणि पाण्यासाठी पितळेची वाटी. न्हाणीतल्या भाणातले ऊन पाणी घरातून त्याला मिळायचे. ओसरीच्या पायरीवर एकेकाला बसवून तो आधी नुसत्या पाण्याने दाढी चोळायचा. बोटांची टोके जबड्याच्या कडेने, हनुवटीखाली, ओठांच्या कोपऱ्यात फिरत राहायची. चोळता चोळता गावच्या बातम्या सुरू. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या माडावरून भांडण पेटले. न्हावी बडबडा असतो म्हणून आपण त्याची थट्टा करतो. मला आता कळते, की ती बडबड म्हणजे दाढी भिजण्याचा वेळ होता. घड्याळ नसलेल्या ओसरीवर दोन-तीन बातम्या म्हणजे तीन मिनिटे. बातम्या संपायच्या, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा फिरायचा आणि काथ्यासारखी दाढी लोण्यासारखी निघायची. एकाच पात्याने!

या माणसाला आपण दिले काय? वर्षाकाठी ठरलेले भात, सणाला नारळ आणि भाषेत एक म्हण: रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. या म्हणीत त्याची चेष्टा आहे, पण तिच्यातच त्याचा मोठेपणाही नकळत नोंदला गेला आहे. तुंबड्या लावून दूषित रक्त काढणे हा त्या काळचा उपचार होता, आणि तो न्हावी करायचा. म्हणजे माणसाच्या कातडीची जाण असलेला गावातला तो एक जाणकार होता. आणि त्याच्याकडून हजामत करून घेतल्यावर आपण काय करायचो? घरात कशालाही हात न लावता थेट न्हाणीत जाऊन आंघोळ. कापलेले केस धुण्यासाठी आंघोळ समजू शकते. पण त्या आंघोळीत विटाळाचा भाग होताच, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीही नाकारले नसते. ज्या हाताने आपला गाल गुळगुळीत केला, त्या हाताचा स्पर्श धुऊन टाकायचा! त्या हातातली विद्या आपण विद्या म्हणून कधी मानलीच नाही. म्हणून तो हात गावातून गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय गेले, याचा हिशेबही आपण ठेवला नाही.

त्या जागेवर आला कारखान्याचा रेझर. किंग कँप जिलेट यांना त्यांच्या सेफ्टी रेझरचे पेटंट अमेरिकेत १९०४ साली मिळाले. न्हाव्यावाचून घरच्या घरी, न कापता दाढी करता येऊ लागली, ही मोठी सोय झाली. तिला मी नावे ठेवणार नाही. पुढे १९७१ मध्ये दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन झाली, २००६ मध्ये पाच. प्रत्येक वेळी वचन एकच, आता राठ दाढीची खैर नाही! अनेक पात्यांचे तत्त्व असे, की पहिले पाते केसाला किंचित ओढून धरते आणि मागचे पाते त्याला आणखी खाली कापते. गाल गुळगुळीत होतो खरा. पण ज्यांची दाढी राठ आणि वळणारी आहे, त्यांचा तो कातडीच्या खाली कापला गेलेला केस वाढताना आतल्या आत वळतो आणि गळ्यावर फोड उठतात. म्हणजे ज्याच्यासाठी उपाय म्हणून विकले, त्यालाच त्याचा त्रास अधिक. 

पोलादाच्या जोरावर केसाला जिंकता येत नाही, याचा एक सुंदर पुरावा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही दाढी करून करून पाते खराब होते ते का? सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की पाते नुसते झिजून गोल होत नाही. केस जिथे वाकतो तिथे पात्याच्या कडेचा बारीकसा कपचा उडतो. मऊ केस कठीण पोलादाचा तुकडा पाडतो! तेव्हा दाढी राठ म्हणून पात्यावर जास्त जोर देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. केसाला नमवायचे तर त्याच्याशी कुस्ती नको, त्याला पाणी पाजावे.

आणि पाण्याचीच आणखी एक गोष्ट, हीही खरी घडलेली. २००२ साली जिलेट कंपनीने भारतासाठी व्हेक्टर नावाचा एक रेझर आणला. त्याची चाचणी घेतली ती त्याच एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो आवडला. पण भारतात तो चालेना, केस अडकून तुंबू लागला. कारण काय? अमेरिकेतले विद्यार्थी वाहत्या नळाखाली रेझर धूत होते, आणि इकडे कितीतरी घरांत माणूस जमिनीवर बसून, समोर आरसा टेकवून, एका वाटीतल्या पाण्यावर दाढी करीत होता. कंपनीने मग माणसे पाठवून भारतीय घरांतल्या दाढ्या पाहिल्या आणि २०१० साली गार्ड नावाचा रेझर आणला. एक पाते, सहज धुतला जाईल असा, किंमत १५ रुपये, बदलायचे पाते ५ रुपये. इतक्या मोठ्या कंपनीलाही अखेर आपल्या वाटीतल्या पाण्यापुढे बसावे लागले आणि पाच पात्यांवरून एका पात्यावर यावे लागले, हे मला फार बोलके वाटते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो. दाढी आंघोळीनंतर करावी. आंघोळीत चेहरा साबणाने धुतला जातो आणि केस आपोआप भिजतात. आधीच करायची असेल तर चेहरा धुऊन ऊन पाण्यात पिळलेला तुवालो दोन-तीन मिनिटे दाढीवर धरावा, निवला की पुन्हा बुडवावा. पाणी कोमट हवे. कढत पाण्याने कातडी कोरडी पडते आणि आग वाढते. चेहरा पुसू नये, ओल्यावरच साबण लावावा. ब्रशही आधी पाण्यात बुडवून ठेवावा, विशेषतः डुकराच्या केसांचा असेल तर. मग ब्रश गोल गोल फिरवत, केसांच्या मुळाशी फेस नेत, एखादे मिनिट घोळावे. फेस सुकतोय असे वाटले तर दोन थेंब पाणी घालावे. सगळ्यात राठ भाग म्हणजे हनुवटी आणि ओठांच्या आजूबाजूचा. तिथे फेस आधी लावावा आणि पाते सगळ्यात शेवटी न्यावे, म्हणजे त्या केसांना भिजायला जास्तीचा वेळ मिळतो.

पाण्याच्या जातीकडेही लक्ष हवे. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा हलके असते, साबणाला लगेच फेस येतो. या बाबतीत गोंयकार सुदैवी म्हणायचा. देशावर कूपनलिकेच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी फाटतो, चिकट साका होतो आणि फेस धरत नाही. आपल्याकडेही मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात, तेव्हा हाच अनुभव येतो. अशा वेळी थोडा जास्त साबण घ्यावा, किंवा दाढीपुरते एक तांब्या गोडे पाणी बाजूला ठेवावे. दाढीला लागते किती? एक वाटी!

पाते धरताना जोर हातात नको. बोटाने कातडी हलकेच ताणावी आणि केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने आधी उतरावे. गळ्यावर केसांची दिशा जागोजाग बदलते. रात्री कोरड्या दाढीवरून बोट फिरवून ती एकदा समजून घ्यावी. अधिक गुळगुळीत हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात राठ दाढीच्या माणसाने टाळलेलाच बरा, फोडांचे मूळ बहुतेक वेळा तिथे असते. पाते प्रत्येक ओढीनंतर धुवावे आणि पाच-सात दाढ्यांनंतर बदलावे. शेवटी गार पाणी, कुठे कापले असेल तर तुरटीचा खडा, आणि वर खोबरेलाचा एक थेंब. झाले.

कोणी म्हणेल, सकाळी वेळ कोणाला आहे? तीन मिनिटे जास्त लागतात, एवढेच. तेवढा वेळ आपण हातातल्या फोनवर दात घासायच्या आधीच घालवलेला असतो. आणि वेळेचे हेच दडपण आपण सलूनमध्येही घेऊन जातो. खुर्चीत बसताच ‘लवकर करा हं’ म्हणतो. मग कारागीर बाटलीतून दोन फवारे मारतो, जेल चोळतो आणि सुरू होतो. गिऱ्हाईकच थांबायला तयार नाही, तर त्याने भिजवावे कशासाठी? माझे तर म्हणणे आहे, की खुर्चीत बसल्यावर त्याला सांगावे, ‘सावकाश भिजव, मला घाई नाही.’ त्याचा चेहरा बघा कसा खुलतो ते. आपल्या कामाला कोणी काम म्हणून ओळखले, याचा आनंद असतो तो. एक गोष्ट मात्र तिथे निग्रहाने मागावी. पाते प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे, आपल्यासमोर उघडलेले. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस बी आणि सी, तसेच एचआयव्ही यांचा धोका वापरलेल्या पात्यातून संभवतो. तुरटीचा एकच खडा दहा गालांवर फिरत असेल तर त्यालाही नको म्हणावे. हा न्हाव्यावरचा अविश्वास नव्हे, त्याच्या हातांनाही तेवढीच सुरक्षितता मिळते.

शेवटी जे सांगायचे आहे ते जरा वेगळे आहे. माझे वडील शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळून होते. घरी येऊन दाढी करणारा म्हालो तोवर गावात उरला नव्हता, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. आजारी, वृद्ध माणसाची दाढी करणे कठीण असते. केस पांढरे झाले तरी राठपणा जात नाही, आणि कातडी मात्र सैल, पातळ झालेली असते. थोडी ओढ बसली तरी रक्त येते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर विजेवर चालणारे यंत्रच वापरावे, असे डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावे. वडिलांना ती गोळी नव्हती. उशा लावून त्यांना बसते करायचो, ऊन पाण्यात पिळलेला तुवालो गालांवर ठेवायचो आणि तो दोन्ही हातांनी धरून बसायचो. ते डोळे मिटून घ्यायचे. बोलणे जवळजवळ थांबले होते, पण तुवालो निवला की ‘आनी एक फावट’ म्हणायचे. आणखी एकदा. दाढीला तेवढी गरज नसायची. मी पुन्हा बुडवून आणायचो.

मोठे झाल्यावर आपण वडिलांच्या चेहऱ्याला हात कधी लावतो? आपल्याकडे पायांना हात लावायची रीत आहे, गालांना नाही. ती तीन मिनिटे मला त्या दाढीने दिली. डब्यातला फेस फासून अर्ध्या मिनिटात यंत्र फिरवले असते तर गाल स्वच्छ झाले असते, बाकी काही झाले नसते. आजारी माणसाची दाढी वाढलेली पाहून आपण म्हणतो, ‘असू दे, कुठे जायचे आहे त्यांना?’ असे म्हणू नये. आरशात स्वतःचा ओळखीचा चेहरा दिसणे, हा त्या माणसाचा शेवटपर्यंतचा हक्क आहे.

आणि दुसरे टोक मुलांचे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आज पहिली दाढी कुठून शिकतो? बापाचा रेझर गुपचूप उचलून, नाहीतर फोनवर कोणा अनोळखी माणसाचे बघून. गोदानाचा संस्कार गेला, ओसरीवरचा म्हालो गेला, आणि बाप सकाळी घाईत. मग मुलगा बाजाराची भाषा शिकतो, दाढी राठ असेल तर जास्त पाती. त्यापेक्षा एखाद्या रविवारी बापाने मुलाला आरशासमोर उभे करावे, वाटीत कोमट पाणी घ्यावे आणि आधी नुसती दाढी भिजवून दाखवावी. पात्याला तोवर हातही लावू नये. मुलगा कंटाळेल, ‘आता पुरे’ म्हणेल. त्याला म्हणावे, थांब, अजून मुरू दे. तेवढ्या वेळात त्याला गावातली एखादी बातमी सांगावी. म्हालो सांगायचा तशीच.